तीन कोरडे खड्डे

पाणीखात्यात तिला सगळे कानताई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ताई. तिचं काम काय ते सांगितलं तरी लोकांना ते काम वाटायचं नाही. हातात छातीएवढी उंच पोलादी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी वाटी. सळईचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय ते ऐकायचं. ऐकू आलं की तिथे खडूने फुली मारायची. मग कंत्राटी माणूस येऊन त्या फुलीवर खड्डा खणायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई रस्त्याची तब्येत विचारतेय आणि रस्ता काही केल्या सांगत नाहीये.

सहा वर्षांत तिने चारशेच्या वर फुल्या मारल्या होत्या. त्यातल्या इतक्या बरोबर निघाल्या की साहेब बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आधी टाकी दाखवायचे, मग पंप दाखवायचे आणि मग तिला दाखवायचे.

सवयीचा परिणाम म्हणा, ती माणसांवरही तशीच फुली मारायची. समोरचा "अगं, काय झालं माहितेय का" एवढं म्हणेपर्यंत हिचं निदान तयार. शेजारीण: कौतुकाची भुकेली. मेहुणे: आतून घाबरट. व्हॉल्व्हवाला: आळशी, फक्त बायकोसमोर चपळ. तीन सेकंद पुरायचे. त्यापुढे माणूस जे काय बोलायचा ते ती ऐकायची, म्हणजे तो थांबायची वाट बघायची.

तर, शिंप्याच्या गल्लीतून तक्रार आली की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. तिने ऑफिसातच चहा पिता पिता नकाशा उघडला. पाइपाचा सांधा नेमका शिंप्याच्या दुकानासमोर होता. सांधा म्हणजे गळती. चहा संपायच्या आत गळती सापडलेली होती, आता फक्त जाऊन ऐकायची राहिली होती.

गल्लीत जाऊन तिने सळई टेकवली, उजवा कान लावला. शूंऽऽ. बारीक, सलग, कुठेही न तुटणारा आवाज. तिने फुली मारली.

खणायला मामा होते. पन्नाशी उलटलेले, अकरा वर्षं कंत्राटावर, दर वर्षी कंत्राट संपायचं आणि दर वर्षी वाढायचं. मंगळवारी दुपारपर्यंत त्यांनी पाइप उघडा केला. सांधा ठणठणीत होता. आजूबाजूची माती हातात घेतली तर भुरभुर उडत होती.

"ताई, माती कोरडी आहे."

"अजून खाली जा."

"खाली पण कोरडीच लागणार. मला काय वाटतं, त्या शाळेच्या भिंतीकडे–"

"मामा, वाटण्याचं खातं वेगळं आहे."

मामा हसले. विनोद चांगला होता, तिलाही आवडला. दोन हात डावीकडे सरकून तिने सळई टेकवली. शूंऽऽ. फुली.

गुरुवारी दुसरा खड्डा कोरडा निघाला, शनिवारी तिसरा. सळई जिथे ठेवावी तिथे आवाज होता आणि जिथे तिने आधीच ठरवलं होतं तिथे तो जरा जास्तच मोठा होता. तिन्ही खड्डे दुकानाच्या दाराशी. शिंपी उंबऱ्यावर उभा राहून गळ्यातल्या मापाच्या पट्टीने खड्ड्याची रुंदी घेत होता.

"मॅडम, गिऱ्हाइकं उडी मारून आत येतायत. काल एकाची पँट उडी मारताना फाटली. माझी तशी तक्रार नाही, शिवायला त्याने मलाच दिली. पण तीन बाजूंनी खंदक म्हणजे मी आता शिंपी राहिलो नाही, किल्लेदार झालो."

"खालपर्यंत खणलं नसेल तर मी काय करू?" ती शिंप्याला म्हणाली, पण मामांकडे बघून. "मामा, तुम्ही नीट खाली गेला नाहीत."

मामांनी घमेलं उचललं, माती बाजूला टाकली आणि घमेलं परत आणून ठेवलं. ते बोलले नाहीत याचा अर्थही तिने लगेच लावला: पकडले गेले.

सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. कोरड्या खड्ड्यांचा एक छापील फॉर्म असतो. त्यात कारणं तीनच: नकाशा चुकीचा, खोदकाम अपुरे, इतर.

"नकाशा चुकीचा लिहिलं तर नकाशावाले महिनाभर आपल्याशी बोलत नाहीत," साहेब म्हणाले. "इतर लिहिलं तर वरून विचारतात, इतर म्हणजे काय. मग राहिलं काय?"

तिने 'खोदकाम अपुरे' समोर खूण केली आणि सही ठोकली. मामांचं कंत्राट येत्या शनिवारी संपत होतं आणि असा शेरा पडला की ते वाढत नाही, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही होतं. सही करताना तिने स्वतःला सांगितलं, वय झालं की माणसाचा हात आखडतो, त्याला आपण काय करणार. तीन सेकंद.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई ओट्याशी उभी राहून बोलत होती. आई तशी दिवसभर बोलत असे, लेक आल्यावर फक्त कुणाशी ते ठरायचं. त्यावर लेकीकडे चार प्रकारचे 'हं' होते: होकाराचा, नकाराचा, कौतुकाचा आणि पुढे सरका असा. आईला ते चारही ओळखू यायचे.

"आणि तू तो नळ सारखा आवळू नकोस," आई म्हणाली. "तीन महिने बघतेय, येता-जाता पिळतेस. मला आता दोन हातांनी उघडावा लागतो."

"गळतोय म्हणून आवळते."

"कुठे गळतोय? मला तर थेंब दिसत नाही."

"तुला ऐकू येत नाही आई. वय झालं." तिने कान दिला. शूंऽऽ. "नळ नाही, भिंतीत गळतंय."

"गळू दे. आधी चपला काढ."

ती चपला न काढता सळई घेऊन आली. स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. शूंऽऽ. दारामागच्या भिंतीला लावली, जिच्यात पाइप नव्हताच. शूंऽऽ. मग तिने सळई कपाटाला लावली. कपाट गळत होतं. पिठाच्या डब्याला लावली. पीठही गळत होतं, त्याच जोराने.

"पिठात पाणी गेलं?" आईने घाईघाईने झाकण काढून हात घातला. "कोरडं आहे की."

तिने आतून उशी आणली, खुर्चीवर ठेवली आणि उशीला सळई लावली. कापसाच्या उशीतून अर्ध्या इंची पाइप फुटल्यासारखा आवाज येत होता.

"आता मला लाव," आई वैतागून म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. "बघ, म्हातारी कुठून गळतेय ते."

तिने खरंच लावली. आई शूंऽऽ करत होती.

ती हसायला लागली. हसताना वाटी कानावरून सरकली आणि हात बदलून तिने ती डाव्या कानाला लावली. शूं थांबलं. त्या जागी धप, धप, धप आणि मधूनमधून एक बारीक शिटी. तिचं हसू थांबलं.

"काय ऐकू येतंय?" आईने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"तू श्वास घेतेस ना, तेव्हा शिटी वाजते."

"दोन वर्षं झाली. तुला सांगितलं होतं."

"मी काय म्हणाले?"

"हं म्हणालीस."

तिने सळई कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या आणि जमिनीवरच बसली. आईने खिडकी लावून घेतली, कारण लेक अशी बसली की आई काहीतरी लावून घेत असे. खोली शांत झाली. उजव्या कानात शूं चालूच होतं. सळई नाही, पाइप नाही, वाटी नाही.

कान गेला, नोकरी गेली, संपलं: हे निदानही तीन सेकंदांतच आलं. पण या वेळी निदान झाल्यावर आवाज काही थांबेना. शेजारणीवर फुली मारली की शेजारीण निदान घरी तरी जायची. हा आवाज जायला जागाच नव्हती. उठून पळावं तर तो बरोबर येणार. मग ती बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखाद्याला मध्ये न तोडता पूर्ण बोलू दिलं, कारण तोडायची सोय नव्हती.

त्या शूंच्या मागून एकेक गोष्ट वर यायला लागली. तीन महिन्यांपूर्वी तिने फोन डाव्या कानाला लावायला सुरुवात केली होती, आणि स्वतःला सांगितलं होतं की उजवा हात दुखतो. साहेबांना दोनदा "काय?" विचारलं होतं, आणि स्वतःला सांगितलं होतं की साहेब पुटपुटतात. या तीन महिन्यांत आणखी चार फुल्या कोरड्या निघाल्या होत्या; त्यांना तिने गंजका पाइप, जुना नकाशा अशी नावं दिली होती. आणि शनिवारी, मामा तिसऱ्या खड्ड्यातून वर बघत "कोरडी आहे" म्हणाले तेव्हा, तिच्या पोटातून कुणीतरी स्पष्ट म्हणालं होतं, खरं बोलतोय हा माणूस. तिने त्यालाही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

म्हणजे तिला माहीत होतं. कान बिघडला हे वाईट होतं, पण हे त्याहून वाईट होतं.

मंगळवारी ती साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, खड्डे माझ्यामुळे कोरडे निघाले. माझ्या उजव्या कानात आवाज येतो. तो मी जमिनीत ऐकला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ताई, तुमचा कान म्हणजे खात्याची मालमत्ता आहे. तुम्ही अशी परस्पर खराब कशी जाहीर करता?"

"शेरा मागे घ्यायचाय."

"शेरा मागे जात नाही. शेऱ्यावर शेरा मारता येतो. पण कारण काय लिहाल? कान, असा रकाना नाही."

"इतरमध्ये लिहा. खड्डे माझ्या नावावर टाका."

"तुमच्या नावावर खड्डा पडत नाही हो," साहेब समजुतीने म्हणाले. "तुम्ही कायम नोकरीत आहात. खड्डा कंत्राटी माणसाच्या नावावर पडतो. पद्धत आहे ती." ती हलेना तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. "चौथा खड्डा ओला निघाला तर मला वर काहीतरी सांगता येईल. शनिवारच्या आत. पण फुली कोण मारणार? तुम्ही तर म्हणताय, कान गेला."

मामा तिसरा खड्डा बुजवत होते. शेऱ्याची बातमी त्यांना आधीच कळली होती. व्हॉल्व्हवाला या एका बाबतीत आळशी नव्हता. ती धावत येऊन त्यांच्यासमोर थांबली आणि एका दमात सगळं ओतलं: कान, उशी, पीठ, आई, साहेब, चौथा खड्डा, शनिवार, "आणि तुम्ही ती शाळेची भिंत म्हणाला होतात ना, ती कुठे–"

"ताई," मामा म्हणाले, "भिंत कुठे पळून जात नाही. आधी मला बोलायचंय. मधे बोलू नका."

ती मातीच्या ढिगावर बसली. मामांनी फावडं आडवं ठेवलं आणि ते तिच्यासमोर बसले. आत शिंप्याचं मशीन थांबलं. शिंपी सुईत दोरा ओवत होता. तो दोरा ओवायला त्याला पुढची वीस मिनिटं लागली.

"शनिवारी तुम्ही म्हणालात, नीट खाली गेला नाहीत. शिंप्यासमोर. अकरा वर्षांत मी शिव्या खाल्ल्यात, लोकांनी अंगावर पाणी ओतलंय, पण कामचुकार कुणी म्हटलं नव्हतं."

"मी कामचुकार असं–"

मामांनी नुसतं बघितलं. तिने तोंड मिटलं.

"रविवारी सकाळी मी पहार घेऊन इथे आलो. घरी सांगितलं, मित्राकडे जातो. पहार घेऊन मित्राकडे कोण जातं? बायकोने विचारलं पण नाही, म्हणजे तिला कळलं असणार. तिन्ही खड्डे मी आणखी हातभर खाली नेले. पाइपाच्या खाली. पाइपाच्या खाली गळती कशी असेल, ताई? माती कोरडी असली की खालून वर पाणी येतं का? मला कळत होतं. तरी खणत होतो. म्हटलं, ह्यांचं सहा वर्षं बरोबर येतंय, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असेल. मी खरंच कंटाळा केला असेल आणि माझं मलाच कळलं नसेल. दुपारी खड्ड्यात बसून राहिलो. वर यायचं मन होईना."

तिच्या तोंडाशी तीन वाक्यं तयार होती. तुम्ही कामचुकार नाही. चूक माझी आहे. मलाही काल झोप लागली नाही. तिन्ही खरी होती आणि तिन्ही मामांना गप्प करायला आलेली होती. तिसऱ्याची तर तिला लाजच वाटली. तिने एकेक करून ती गिळली. कानात शूं चाललं होतं. त्याला तिने चालू दिलं आणि डावा कान पुढे केला.

"तीनदा सांगितलं मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, वाटण्याचं खातं वेगळं आहे. घरी जाऊन मी ते बायकोला सांगितलं. ती हसली. मी पण हसलो. मला हसू आलं नव्हतं." मामांनी तळहाताला चिकटलेली माती चोळून काढली. "मला तुमचा राग आलाय."

"मला कळतंय, मामा."

"कळायची घाई करू नका. तुम्हाला सगळं लगेच कळतं, तिथेच घोटाळा होतो. नुसतं ऐका."

तिने मान हलवली, मग मान हलवणंही थांबवलं. मामा बोलत राहिले. त्यात तिच्याविषयी बऱ्याच गोष्टी होत्या, काही अगदी बरोबर, काही तिला साफ चुकीच्या वाटल्या. चुकीच्या वाटलेल्या गोष्टींना सर्वांत जास्त वेळ लागला. आत शिंप्याने दुसरा दोरा घेतला.

बोलून झाल्यावर मामा उठले आणि शाळेच्या भिंतीकडे चालू लागले. ती मागोमाग गेली.

"दुपारी गल्लीतल्या सगळ्या फरशा तापतात," मामा म्हणाले. "ही एक तापत नाही. मी इथे बसून डबा खातो. हात लावा."

तिने हात लावला. ऊन रणरणत होतं आणि फरशी माठाच्या बुडासारखी गार होती. सवयीने तिचा हात सळईकडे गेला. मग तिने सळई भिंतीला टेकवून ठेवली आणि खोदकामाच्या हुकमावर सही केली. न ऐकता सही करण्याची तिची ही पहिलीच वेळ होती, असं ती कागदावर तरी म्हणू शकत होती.

बुधवारी दोन फुटांवर चिखल लागला आणि अडीच फुटांवर पाण्याने मामांचा चेहरा धुतला. गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं. इतके दिवस कोरडा म्हणून उघडाच राहिलेला नळ तिथे कुणीतरी विसरलं होतं. पाणी सज्ज्यावरून सरळ दुकानाच्या फळीवर आलं. "मॅडम," शिंप्याने फोन केला, "आता वरून गळतंय. फुली कुठे मारू?"

शनिवारी साहेबांनी दोघांना बोलावलं. ते मामांकडे बघायचे आणि प्रश्न तिला विचारायचे: "काय म्हणणं आहे ह्यांचं?" तिने दर वेळी सांगितलं, "त्यांनाच विचारा." तिसऱ्या खेपेला साहेबांनी विचारलं. मामा मोजकंच बोलले. शेऱ्यावर शेरा पडला, पण पहिला शेरा खोडला गेला नाही. कंत्राट वर्षाऐवजी तीन महिने वाढलं. तिची सळई कपाटात गेली. कानाचे डॉक्टर म्हणाले होते की आवाज जाईल किंवा राहील, दोन्ही शक्य आहे, आणि या एका वाक्याची त्यांनी चिठ्ठीही दिली होती. तोवर तिची नेमणूक भांडारात, नळ मोजायला.

दोघं फाटकाबाहेर आले. रस्त्यावर गर्दी होती.

"तीन महिने तरी मिळाले, मामा," ती म्हणाली. "मग, झालं ना आता?"

"नाही झालं."

पूर्वीची ती असती तर इथे तिने मामांवर फुली मारली असती: हट्टी, मनात धरणारे. ते शब्द आताही आले. ती वळसा घालून मामांच्या उजव्या बाजूला गेली, म्हणजे डावा कान त्यांच्याकडे होईल.

"रविवारचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं," मामा म्हणाले. "त्या खड्ड्यात बसून मी तुम्हाला काय काय बोललो, ते राहिलंय. ऐकवेल का?"

"नाही ऐकवणार बहुतेक," ती म्हणाली. "सांगा."